स्टोरेज मोडवाला चार स्लॉटचा चार्जर: सायकलच्या लाइटच्या सेलसाठी घ्यावा का?

आधीच सांगून टाकतो, रोज रात्री सायकल काढणाऱ्या आणि रोज लाइट चार्जिंगला लावणाऱ्या माणसाला या चार्जरची काही गरज नाहीये, त्याने इथेच थांबलं तरी चालेल. ज्याचे लाइट महिनोन् महिने कपाटात पडून असतात, ज्याच्याकडे एक मोठा हेडलाइट, एक हेल्मेटवरचा, दोन-चार सुटे सेल आणि कुठलातरी जुना पॅक असा पसारा साठलाय, त्याच्यासाठी ही वस्तू आहे. कारण सायकलच्या लाइटमधले लिथियम सेल वापरून जेवढे मरतात त्यापेक्षा जास्त पडून पडून मरतात आणि ही गोष्ट लाइटच्या डब्यावर कोणी छापत नाही, डब्यावर ल्युमेन छापतात.

चार्जरचं नाव मुद्दाम देत नाहीये. हाच साचा, हाच स्क्रीन, वर वेगळं नाव असा माल बराच फिरतो, शिवाय मला काही गोष्टी खटकल्यात त्या या प्रकारच्या बऱ्याच चार्जरांना लागू पडतात. चार स्लॉट आहेत, प्रत्येक स्लॉट स्वतंत्र चालतो, १८६५० आणि २१७०० दोन्ही बसतात (म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, आणि त्याचा थोरला भाऊ २१ बाय ७०), छोटे पेन्सिल सेलसुद्धा बसतात पण ते निकेलवाले, त्याची गोष्ट वेगळी. स्क्रीनवर प्रत्येक सेलचा व्होल्टेज, करंट, किती एमएएच (मिलीअँप-अवर, म्हणजे साठ्याचं माप) गेले आणि मिलीओममध्ये इंटर्नल रेझिस्टन्स (सेल आतून करंटला किती अडवतो ते) दिसतो. मोड चार आहेत, चार्ज, डिस्चार्ज, कपॅसिटी टेस्ट आणि स्टोरेज. मी घेतला तो या शेवटच्या मोडसाठी, त्यामुळे जास्त त्याबद्दलच लिहितो.

स्टोरेज मोड करतो काय, तर सेल जास्त भरलेला असेल तर उतरवतो, रिकामा असेल तर भरतो, आणि ३.७ व्होल्टच्या आसपास आणून थांबतो. लिथियम आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टला असतो, रिकामा म्हणजे ३ च्या खाली, आणि अर्ध्यापाशी ३.७ ते ३.८. पडून असलेल्या सेलचं वय दोन गोष्टींनी वाढतं, जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता. ४.२ ला ठेवलेल्या सेलमध्ये आत केमिकल कुरबुर चालूच असते, इलेक्ट्रोलाइट हळूहळू खराब होतं, आतले थर जाड होत जातात आणि बाहेरून तुम्हाला काहीही दिसत नाही. सगळीकडे सांगितला जाणारा ढोबळ आकडा असा की २५ डिग्रीला वर्षभर पूर्ण भरून ठेवला तर जवळपास २० टक्के कपॅसिटी कायमची जाते, ४० टक्क्यांवर ठेवला तर ४ टक्क्यांच्या आसपास. तेच ४० डिग्रीला ठेवलं तर भरलेल्या सेलचं नुकसान ३५ टक्क्यांपर्यंत जातं. केमिस्ट्रीप्रमाणे हे आकडे इकडेतिकडे होतात, नवे सेल बरे असतात, पण दिशा तीच. भरलेला आणि गरम, हे सगळ्यात वाईट. म्हणजे मोसम संपला म्हणून लाइट शहाण्यासारखा फुल चार्ज करून माळ्यावर, पत्र्याखाली ठेवणारा माणूस नेमकं तेच करत असतो.

एक गंमत बघा, नवा सुटा सेल घेतला आणि लगेच मीटर लावला तर तो साधारण ३.५ च्या आसपास निघतो. सुटे लिथियम आयन सेल विमानाने पाठवायचे तर ३० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेले चालत नाहीत, असा नियम २०१६ पासून आहे, सुरक्षेसाठी. त्यामुळे डब्यातून काढलेला सेल ‘अर्धाच भरलाय, जुना माल दिला’ म्हणून तक्रार करणारे लोक दिसतात त्यांची कीव येते, उलट ४.२ ला भरलेला निघाला असता तर मी संशय घेतला असता.

तर मोड चालतो कसा? चांगला चालतो, पण हळू. ५००० एमएएचचा भरलेला २१७०० लावला तर तो ३.७ ला यायला अडीच-पावणेतीन हजार एमएएच बाहेर काढायला लागतात, आणि डिस्चार्जचा करंट अर्धा अँपच आहे, म्हणजे पाच तासांच्या वर गेले. ती सगळी ऊर्जा चार्जरच्या पोटात उष्णता होऊन बाहेर पडते. एका स्लॉटचे साधारण दोन वॅट, चारही भरले तर आठ, आणि आतला छोटा पंखा घूं घूं करत बसतो, झोपायच्या खोलीत लावू नका एवढंच म्हणेन. दुसरं असं की चार्जर ३.७० दाखवून थांबतो तो लोड चालू असताना, म्हणजे सेलमधून करंट ओढला जात असताना, लोड काढला की सेल थोडा वर उडी मारतो, थोड्या वेळाने मल्टिमीटरने बघितलं की ३.७५ वगैरे दिसतं. ते ठीकच आहे, स्टोरेजसाठी ३.६ ते ३.८ मध्ये कुठेही चालतं, तिसऱ्या दशांशापर्यंत भांडणाऱ्यांची मला मजा वाटते. चार्जरचा आकडा आणि मीटरचा आकडा माझ्याकडच्या पीसमध्ये एक-दोन शतांशाने वेगळा येतो, त्याबद्दल तक्रार नाही.

खरं सांगायचं तर हा मोड नसला तरी अडत नाही. लाइट लावून एक राइड मारायची, अर्धी बॅटरी संपली की घरी येऊन तशीच ठेवून द्यायची, झालं स्टोरेज. अडचण फक्त ही की लाइटवरचे दिवे अर्धं म्हणजे काय ते नीट सांगत नाहीत, बऱ्याच लाइटमध्ये हिरवा, मग लाल, आणि मधे काहीच नाही, आणि तो लाल नेमका कधी लागतो ते त्या कंपनीलाच माहीत. सेल बाहेर निघत असेल तर साधा मल्टिमीटर हे काम करतो. चार्जरचा फायदा असा की चार सेल एकदम लावून आपण आपल्या कामाला लागतो, आणि विसरलं तरी तो थांबतो.

थांबतो म्हणजे, वीज गेली नाही तर. हा या चार्जरचा सगळ्यात मोठा दोष. स्टोरेजला लावलेलं असताना वीज जाऊन परत आली की तो आपण काय सांगितलं होतं ते विसरतो, सगळे स्लॉट पुन्हा सुरुवातीपासून चालू होतात, आणि सुरुवातीपासून म्हणजे चार्ज मोड, ४.२ पर्यंत. म्हणजे सकाळी आपण बघतो तर चारही सेल मस्त टम्म भरलेले, स्क्रीनवर ‘फुल’, आणि आपण ज्याच्यासाठी रात्रभर पंख्याचा आवाज ऐकला त्याच्या बरोब्बर उलट झालेलं. मोड लक्षात ठेवायला कितीशी मेमरी लागते? घेताना विकणाऱ्याला हा एक प्रश्न नक्की विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर पहिल्याच दिवशी स्टोरेजला लावून प्लग काढून परत लावून बघा.

आता इंटर्नल रेझिस्टन्स. हा आकडा बघून लोक घाबरतात आणि चांगले सेल टाकून देतात म्हणून जरा सविस्तर. चांगला नवा १८६५० साधारण २० ते ५० मिलीओम दाखवायला हवा, सेलच्या प्रकाराप्रमाणे. मी एक चांगला भला सेल लावला आणि स्क्रीनवर आला १८०. सेल बोटाने जागच्या जागी गोल फिरवला, ११०. मायनसचं टोक आणि स्लॉटमधली पितळी पट्टी कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसली, कापूस काळा झाला, परत लावला, ४३. म्हणजे तो १८० सेलचा नव्हताच, मळाचा आणि स्प्रिंगच्या दाबाचा होता. हा चार्जर त्याच दोन टोकांतून करंट देतो आणि त्याच दोन टोकांतून मोजतो, त्यामुळे टोकाचा रेझिस्टन्स आकड्यात मिसळतोच, चार वायरचं खरं मीटर असतं तर तो वेगळा काढता आला असता. म्हणून एकाच आकड्यावर निर्णय घेऊ नका. त्याच स्लॉटमध्ये, पुसून, दर वेळी साधारण तेवढाच भरलेला असताना मोजा आणि आकडा वर्षभरात कुठे सरकतोय ते बघा, तो ४० चा ८० आणि ८० चा १२० होत गेला तर सेल म्हातारा झालाय. मग तो हेडलाइटच्या टर्बो मोडला, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडाला, दगा देईल, लाइट लावला की लगेच डिम होईल, पण कमी उजेडाच्या कामाला अजून चालेल.

हीच पुसापुशी लाइटच्या आतही करावी लागते, ते कोणी करत नाही. ज्या लाइटमध्ये मागचं झाकण फिरवून सेल घालतात त्याचे आटे करंटच्या रस्त्यात असतात, त्याच्यावर काळी पेस्ट साठते, लाइट फडफडायला लागतो आणि माणूस म्हणतो बॅटरी गेली. फडक्याने आटे पुसायचे, रबरी ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात, पेट्रोलियम जेली नको, काही रबरं तिने फुगतात.

कपॅसिटी टेस्ट हा या चार्जरचा दुसरा खरा उपयोग. पूर्ण भरतो, पूर्ण उतरवतो, किती निघाले ते सांगतो, परत भरतो. एक सेल म्हणजे आख्खा दिवस जातो, पण वर्षातून एकदा करायला हरकत नाही. माझ्या एका हेडलाइटबरोबर आलेल्या सेलवर ५००० छापलेलं होतं, टेस्टमध्ये तीन हजाराच्याही खाली निघाला, आणि विकणाऱ्याचं म्हणणं काय तर तुमचा चार्जर खराब असेल. त्याच चार्जरवर, त्याच स्लॉटमध्ये नावाजलेल्या कंपनीचा ५००० चा सेल ४८०० च्या वर दाखवतो, आता कोण खराब ते बघा. १८६५० आकारात ९९०० वगैरे लिहिलेलं दिसलं तर टेस्टसुद्धा करू नका, त्या आकारात नेहमी मिळणारे चांगले सेल ३४००-३५०० ला थांबतात. वजनकाटा असेल तर तोही बोलतो, चांगला १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो, तीसच्या आसपास आला तर आत काय आहे देव जाणे.

सेल बदलून घेताना फक्त एमएएच बघू नका हेही इथेच सांगतो. सॅमसंगचा ५०ई घेतला तर ५००० एमएएच मिळतात पण तो साधारण दहा अँपच्या आतला सेल आहे, मोलिसेलचा पी४२ए ४२०० चाच आहे पण ४५ अँपपर्यंत देतो. सायकलच्या लाइटला बहुतेक वेळा दहाच्या आतच लागतात, त्यामुळे मी पहिला प्रकार वापरतो, मशालीसारखे मोठे लाइट असणाऱ्यांनी दुसरा बघावा. आणि प्रोटेक्शन सर्किटवाला (सेल फार उतरला किंवा शॉर्ट झाला की आउटपुट तोडणारं छोटं सर्किट अंगावर असलेला) सेल घेतला तर तो लांबीने तीन-चार मिलिमीटर जास्त असतो, लाइटमध्ये बसेल का ते आधी मोजा, दाबून बसवायचा प्रकार करू नका.

चार्जिंगचा करंट पाव, अर्धा, एक आणि दोन अँप असा निवडता येतो. मी एक वापरतो. दोन अँपवर मधल्या स्लॉटमधले सेल हाताला चांगले गरम लागतात, कडेचे कमी, कारण हवा कडेलाच खेळते, म्हणून दोनच सेल असतील तर पहिल्या आणि चौथ्या स्लॉटला लावतो. शेवटचा टप्पा तसाही हळूच जातो, ४.२ ला पोचल्यावर चार्जर व्होल्टेज धरून ठेवतो आणि करंट कमी कमी होत जातो, त्यामुळे दोन अँपने निम्मा वेळ लागेल असं मानू नका. हा चार्जर ४.१ ला थांबायचा पर्याय देतो, ही मला फार आवडलेली गोष्ट. कपॅसिटी दहाएक टक्के कमी मिळते पण सेल बराच जास्त टिकतो, आणि ज्याच्या राइडला निम्मी बॅटरी पुरते त्याने दर वेळी काठोकाठ भरायचं कारणच काय. फक्त हा पर्याय मेनूत एवढा आत लपवलाय की पहिल्यांदा सापडणारच नाही, बटण दाबून धरा, सोडा, परत दोनदा दाबा असला प्रकार.

आता एका फीचरबद्दल जरा चिडून लिहिणार आहे. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की हा चार्जर शून्य व्होल्टवर गेलेले सेल जिवंत करतो. प्रोटेक्शन सर्किटने आउटपुट तोडलं असेल तर बाहेरून शून्य दिसतं आणि आत सेल ठीक असतो, तेवढ्यापुरतं हे फीचर बरोबर आहे, थोडा करंट दिला की सर्किट जागं होतं. पण साधा, सर्किट नसलेला सेल खरोखर दोन व्होल्टच्या खाली जाऊन महिने पडून असेल तर त्याच्या आतली तांब्याची पट्टी विरघळायला लागलेली असते, ते तांबं इलेक्ट्रोलाइटमध्ये उतरतं, आणि तुम्ही परत चार्ज केलात की नको त्या ठिकाणी जमा होतं. आतल्या आत शॉर्ट व्हायची ती तयारी. चार्जर खुशाल भरतो, शंभर टक्के दाखवतो, आणि तो सेल मग सायकलच्या हँडलवर, तोंडापासून दोन फुटांवर. हा चार्जर या दोन परिस्थितींमध्ये फरक करत नाही, सूचनापत्रात एक ओळही नाही. माझा नियम साधा आहे, सर्किट नसलेला सेल दोनच्या खाली सापडला तर तो गेला, आणि दोन ते अडीचमधला सापडला तर पाव अँपने सावकाश भरून, जवळ बसून, गरम होतोय का ते बघत, आणि मग काही दिवस बाजूला ठेवून व्होल्टेज घसरतोय का ते बघून मगच वापरायचा.

पण सेल एवढा खाली जातोच कसा, लाइट तर बंद होता? लाइट बंद कधी नसतोच. ज्या लाइटला हलकं दाबायचं इलेक्ट्रॉनिक बटण आहे त्याच्या आत एक छोटी चिप तुमच्या बोटाची वाट बघत जागी असते आणि ती थोडा थोडा करंट पीत राहते. समजा ५० मायक्रोअँप, तर महिन्याला ३६ एमएएच. ५००० च्या सेलला ते जाणवतही नाही. पण मागच्या छोट्या लाइटमध्ये ४००-५०० एमएएचची चपटी बॅटरी असते, ती आपण राइडवरून संपवून आणलेली, आत पाच टक्के म्हणजे पंचवीसेक एमएएच उरलेले, आणि तशीच ड्रॉवरमध्ये टाकली की महिन्याभरात खड्ड्यात. म्हणून हेडलाइट वर्षानुवर्षं चालतात आणि टेललाइट दर मोसमाला मरतात, त्याच्यात टेललाइटच्या कंपनीचा दोष असेलही, पण ड्रॉवरचा जास्त. सेल निघत असेल तर काढून ठेवा, निघत नसेल तर झाकण अर्धा आटा सैल करा, काही लाइटमध्ये तेवढ्याने सर्किट तुटतं. ज्यात काहीच निघत नाही तो निम्मा भरून ठेवायचा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायचा.

आणि इथेच या चार्जरची हद्द संपते. ज्याची बॅटरी आत सीलबंद आहे त्या लाइटला हा काही करू शकत नाही. तसंच वायरने जोडायचे जे पॅक असतात, आत चार सेल (दोन-दोनच्या दोन जोड्या), बाहेर ७.४ व्होल्ट लिहिलेलं, त्यालाही नाही. त्या पॅकचा चार्जर ८.४ व्होल्टचा असतो, त्यालाच तोच लावायचा, प्लग बसतो म्हणून लॅपटॉपचा किंवा १२ व्होल्टचा ॲडाप्टर लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. असा पॅक ठेवायचा तर ७.४ ते ७.६ वर. बऱ्याच स्वस्त पॅकमध्ये बॅलन्सिंग, म्हणजे दोन्ही जोड्या सारख्या भरायची सोय, नसतं, दोन जोड्यांपैकी एक मागे पडते, दुसरी आधी भरते, आणि बाहेरून एकूण व्होल्टेज छान दिसत राहतं. रनटाइम अचानक निम्मा झाला तर बहुधा हेच. तो पॅक फोडून एकच सेल बदलायचा मोह आवरा, जुन्याला नवा जोडला की फरक अजून वाढतो.

स्लॉटच्या बांधणीबद्दल एक गंभीर तक्रार आहे. मायनसकडचा जो सरकणारा भाग आहे त्याची स्प्रिंग फार कडक आहे आणि प्लसकडची प्लास्टिकची कड धारदार. २१७०० आत बसवताना वरच्या बाजूचं रॅप (सेलवरचं पातळ प्लास्टिकचं वेष्टण) त्या कडेवर घासतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत तिथे नखाएवढी चीर पडते. दिसायला किरकोळ, पण या सेलचं आख्खं पत्र्याचं अंग मायनस असतं, प्लसच्या बटणाच्या अगदी भोवतीपर्यंत, मधे असते ती एक पातळ इन्सुलेटर रिंग आणि हे रॅप. तिथे रॅप फाटलं आणि धातूचा काही तुकडा टेकला की थेट शॉर्ट. मी बारीक फाइलने ती कड घासून गोल केली, आता त्रास नाही, पण हे काम कंपनीने करायला हवं होतं. फाटलेलं रॅप बदलता येतं, नवीन हीट श्रिंकची (गरम केल्यावर आकसणारी) नळी आणि वरची रिंग मिळते, हेअर ड्रायरच्या गरम हवेवर बसते, लायटर लावू नका. चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका, ती उष्णतेने सरकते.

चार्जरबरोबर दोन प्लास्टिकच्या डब्या आल्यात, त्याला मात्र पैकीच्या पैकी. सुटा सेल बॅगेत नेताना डबीतच न्यायचा. सायकलवाल्याच्या सीटखालच्या पाऊचमध्ये काय असतं आठवा, ॲलन की, चेन टूल, टायर पॅचची किसणी, व्हॉल्व्हचा ॲडाप्टर, सगळं धातूचं, आणि खड्ड्यांतून दोन तास खडखडत जाणारं. त्यात उघडा १८६५० टाकणारे मी बघितलेत. विमानात सुटे सेल केबिनमध्येच न्यायचे, चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, १०० वॅट-अवरची मर्यादा आहे पण २१७०० चा एक सेल १८ च्या आसपास भरतो त्यामुळे तिचा प्रश्न येत नाही.

ठेवायची जागा म्हणाल तर कोरडी, सावलीतली, घरातली सगळ्यात थंड. फ्रिजचा सल्ला बरेच जण देतात, तत्त्वतः थंडी चांगलीच, पण बाहेर काढल्यावर सेलवर दव धरतं, टोकांना गंज लागतो, प्रोटेक्शन सर्किट असेल तर तेही ओलं, आणि निम्मा भरलेला सेल साध्या कपाटात एवढा कमी खराब होतो की हा उपद्व्याप कशाला. उन्हात उभ्या गाडीत मात्र कधीच ठेवू नका. दुसरं टोक म्हणजे शून्य डिग्रीच्या खाली चार्जिंग करायचं नाही. थंडीत लाइट वापरला तर फक्त कमी वेळ चालतो, पण गोठलेला सेल चार्ज केला की लिथियम आत शिरायच्या ऐवजी वरच धातू होऊन बसतं आणि ते परत नीट होत नाही. बाहेरून आला की आधी खोलीत गरम होऊ द्या. या चार्जरमध्ये सेलचं तापमान बघणारा सेन्सर आहे असं म्हणतात, मला तरी स्क्रीनवर कुठे दिसला नाही.

पावसात भिजलेल्या लाइटबद्दल एक, चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण उघडून आत बघा, बहुतेक वेळा आत एखादा थेंब असतो. तसाच केबल लावला की पिनांवर हिरवट पूड धरते, मग तो लाइट केबल एका कोनात धरला तरच चार्ज होतो. झाकण उघडं ठेवून रात्रभर वाळू द्या, चार्जिंग सकाळी. आणि लाइट नव्या दोन्हीकडून सी असलेल्या केबलने चार्ज होत नाही म्हणून बॅटरी मेली समजू नका, स्वस्त लाइटमध्ये दोन पैशांचे रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे चार्जरला समोर काही जोडलंय हेच कळत नाही. जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलने तोच लाइट लगेच चार्ज होतो.

फुगलेली चपटी बॅटरी मात्र दिसली, लाइटचं झाकण सांध्यातून उचललेलं दिसलं, तर ती ना दाबायची ना टोचायची ना ‘एकदा चार्ज करून बघू’ करायचं. बाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवायची आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. मेलेल्या गोल सेलच्या दोन्ही टोकांना टेप लावून मग द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबलं गेलं की आग लागते.

किरकोळ गोष्टी, ॲडाप्टर डब्यात येत नाही, यूएसबी-सीने चालतो पण साधा फोनचा ५ वॅटचा लावला तर चारही स्लॉट रडत चालतात, निदान १८ वॅटचा लावा. स्क्रीन चांगला आहे पण कडेने बघितला तर फिका. बटणाचा बीप बंद करता येतो, बरं झालं. सूचनापत्राचे अक्षर वाचायला भिंग लागेल.

पाचपैकी साडेतीन देतो. एक कापला तो वीज गेल्यावर मोड विसरतो म्हणून, अर्धा त्या धारदार कडेसाठी. मोड लक्षात ठेवणारी आवृत्ती आली तर मी हाच परत घेईन, तोवर स्टोरेजला लावतो तेव्हा त्याचा प्लग इन्व्हर्टरवरच्या सॉकेटला असतो.